करंजीची मुरड आणि नॉर्टनची फ्रेम

मागच्या वर्षी लेकीकडे बर्मिंगहॅमला दोन महिने राहून आले. तिकडे गेलेल्या आयांना काय दाखवायचं ते ठरलेलंच असतं. राणीचा राजवाडा, शेक्सपिअरचं घर, झालंच तर बोटीतून फेरी. आमच्या जावयांनी मात्र एका रविवारी गाडी शहराबाहेर काढली आणि थेट मोटारसायकलींच्या राष्ट्रीय म्युझियमपुढे उभी केली. ‘‘आई, तुम्हाला कंटाळा येईल. आत चहाची सोय आहे, तिथे निवांत बसा,’’ असंही सांगितलं.

मी काही बसले नाही. तीन तासांनी तेच मला शोधत आले, तेव्हा मी एका जुन्या नॉर्टनपुढे चक्क उकिडवी बसले होते.

आता नाक मुरडू नका. मला गाडी चालवता येत नाही. सीसी, हॉर्सपॉवर यातलं ओ की ठो कळत नाही. पण आमच्या अण्णांचं बार्शीत गॅस वेल्डिंगचं दुकान होतं. सायकलचा चिमटा, राजदूतचा स्टँड, कुणाच्या नांगराचा तुटलेला भाग, जे येईल ते अण्णा सांधायचे. शाळेतून आले की मी पितळी कांड्या हातात द्यायची, टाकणखाराचा डबा पुढे सरकवायची. सांधा थंड झाला की अण्णा विचारायचे, ‘‘कसा आलाय बघ गं!’’ त्यामुळे चांगला सांधा आणि वाईट सांधा मला लांबूनही ओळखू येतो. बत्ती मात्र त्यांनी कधी हातात दिली नाही. ती माझ्या धाकट्या भावाला मिळाली, आणि त्याला तर त्याची आवडही नव्हती.

तर त्या नॉर्टनचे सांधे! रुपेरी टाकी, तिला काळे पट्टे आणि लाल रेघ, हे सगळे बघतात. मी खाली बघत होते. जिथे नळीला नळी मिळते तिथे बारीक बारीक लाटांची एक किनार होती. एकसारखी, एकही लाट मोठी नाही, एकही बुडालेली नाही. आपल्या सासूबाई करंजीला मुरड घालायच्या ना, तश्शी. कातण्याने कापलेली नव्हे, बोटांनी घातलेली.

या गाडीचं नाव मँक्स नॉर्टन. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. तिथे 1907 पासून मोटारसायकलींची टीटी शर्यत होते. मैदानात नव्हे, साध्या रस्त्यावर. डोंगरातली वळणं, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, घरं. एक फेरी जवळजवळ 60 किलोमीटरची. अशा रस्त्यावर इंजिन कितीही जोरकस असो, खालची फ्रेम जर वळवळायला लागली तर स्वाराचं काही खरं नाही.

नॉर्टनचं दुखणं तेच होतं. त्यांच्या आधीच्या फ्रेमला लोक ‘बागेचं फाटक’ म्हणायचे. तिच्यात जाड लोखंडी सांधे असत, त्यांच्या भोकांत नळ्या घालून पितळेने झाळायच्या. आपल्या जुन्या सायकली अशाच असायच्या. जड काम. शर्यतीच्या हादऱ्यांनी त्या फ्रेमना चिरा जायच्या.

मग बेलफास्टचा रेक्स मॅककँडलेस पुढे आला. आपला भाऊ क्रॉमी याला घेऊन तो गॅरेजमध्ये खटपट करायचा. त्याने ते जाड सांधे काढूनच टाकले. दोन लांब नळ्या वाकवून दोन वेढे केले, ते इंजिनाभोवतून फिरवले आणि पुढे हँडलच्या मानेपाशी एकमेकांना ओलांडून जोडले. मागच्या चाकाला झोका देणारा हात आणि शॉकॲब्सॉर्बर. बस, एवढंच! 1950 साली ही फ्रेम शर्यतीत उतरली. हॅरॉल्ड डॅनिएल या जुन्या स्वाराने ती चालवून पाहिली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं म्हणाला. तेव्हापासून तिचं नावच पडलं ‘फेदरबेड’. त्याच जूनमध्ये टीटीच्या मोठ्या दोन्ही शर्यतींत पहिले तिन्ही नंबर नॉर्टनचे आले.

अशी फ्रेम साच्यातून पडत नाही. मँक्सच्या फ्रेम बर्मिंगहॅममधल्याच रेनॉल्ड्स कंपनीत तयार व्हायच्या. नळी पातळ, पण चिवट पोलादाची. तिचं टोक कानशीने घासून माशाच्या तोंडासारखं कापायचं, म्हणजे ते दुसऱ्या नळीच्या गोलाईवर चपखल बसतं. फट राहिली की काम बिघडलं. मग गॅसच्या ज्योतीने पोलाद लाल करायचं, पण वितळू द्यायचं नाही. वितळते ती फक्त ब्राँझची कांडी. ज्योत जास्त वेळ एका जागी राहिली तर नळी ठिसूळ होते, कमी राहिली तर ब्राँझ नुसतं वर बसतं, धरत नाही. पुरणाला चटका द्यायचा पण लागू द्यायचं नाही, तसला प्रकार. तिथले केन स्प्रेसन नावाचे कारागीर तर ‘फ्रेमवाले’ म्हणूनच प्रसिद्ध झाले. टीटीच्या दिवसांत ते बेटावर जाऊन स्वारांच्या मोडक्या फ्रेम फुकट सांधून द्यायचे.

हे सगळे पुरुष, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं. पण रात्री लेकीने मला बीट्रिस शिलिंगबद्दल वाचून दाखवलं. जन्म 8 मार्च 1909, योगायोग बघा! खाटकाची मुलगी. चौदाव्या वर्षी तिने मोटारसायकल घेतली, तीही रॉयल एन्फिल्ड, म्हणजे आपल्या बुलेटच्या घराण्यातली. मँचेस्टरला इंजिनिअर झाली. फेदरबेडच्या कितीतरी आधी, 1934 साली, आपल्या हाताने तयार केलेल्या नॉर्टनवर तिने ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी 106 मैलांची फेरी मारली. म्हणजे 170 किलोमीटर! तिथे शंभर मैलांवर गेलं की सोन्याचा तारा मिळायचा. तो तिने मिळवला. पुढे महायुद्धात ब्रिटिशांच्या लढाऊ विमानांची इंजिनं खाली सूर मारताना बंद पडायची. तिने एक छोटीशी, भोक असलेली धातूची चकती काढली, 1941 मध्ये ती विमानतळांवर पोचली, आणि इंजिनं चालू राहिली. त्या चकत्या बसवायला बाई आपल्या नॉर्टनवरूनच गावोगाव फिरत होती.

आता तर नॉर्टन कंपनी 2020 मध्ये आपल्याकडच्या टीव्हीएसने विकत घेतली आहे. जावई ही बातमी अभिमानाने सांगतात. मला मात्र तो सांधाच आठवतो.

त्या सांध्याचे मी चार-पाच फोटो काढले होते. बार्शीला गेले तेव्हा अण्णांना दाखवले. वय चौऱ्याऐंशी, हात थरथरतात. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा करायला लावला, बराच वेळ बघत राहिले. ‘‘हात कुठे थांबला नाही याचा,’’ म्हणाले. मग मी बीट्रिसची गोष्ट सांगितली. ऐकून घेतली. थोड्या वेळाने म्हणाले, ‘‘तुला सांधा कळायचा. त्याला नाही कळायचा.’’ आणि भाऊ ऐकत नाही ना, ते बघितलं.

दुकानात आता विजेचं वेल्डिंग असतं, पण गॅसची बत्ती कोपऱ्यात अजून आहे. भावाला म्हटलं, रविवारी तासभर दे. त्याने हसत हसत दिली. अण्णा खुर्ची टाकून दारात बसले. मी काळा चष्मा लावला, कांडी धरली. पहिल्या नळीला भोक पडलं. दुसरीलाही पडलं.

‘‘ज्योत लांब धर,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आणि घाई कसली गं तुला?’’