पोराला धाप लागली तर होडीची वाट बघू नका



1 ऑगस्टला मासेमारी बंदी उठते, पुरुष माणसे दर्यावर जातात आणि रात्री घरात आई, आजी आणि पोरेच उरतात. गेल्या पावसात केरीच्या आमच्या एका सभासदाच्या सहा वर्षांच्या मुलीला रात्री दोनला धाप लागली. पंप दिला, बरे वाटले, तासाभरात पुन्हा तेच. आई म्हणाली, पहाटे बाबा येतील, मग जाऊ. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात पोचेपर्यंत पोरीला धड बोलता येत नव्हते. ऑक्सिजन लागला. आता बरी आहे, शाळेत जाते. आई चुकली असे आम्ही म्हणत नाही, एकट्या बाईमाणसाला रात्री दुसरे काय सुचणार? म्हणूनच हे लिहितो.

थांबायचे की निघायचे, हे घड्याळ सांगते. धाप लागल्यावर द्यायचा पंप (बहुधा निळा) दिल्यावर चार तास आराम टिकला नाही, तर त्याच रात्री डॉक्टर गाठा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन तासांत सहापेक्षा जास्त पफ लागले तरीही तेच.

मग पोराचा सदरा वर करून छाती बघा. श्वास घेताना बरगड्यांमधली आणि गळ्याखालची कातडी आत ओढली जाते का? वाक्य पुरे न करता एकेक शब्द बोलतो का? तान्हे दूध ओढायचे सोडते का? एक मिनिट श्वास मोजा. पोर झोपलेले असेल तर अजून बरे. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे 40च्या वर, त्याहून मोठ्याचे 30च्या वर गेले तर निघा. ओठ निळसर झाले किंवा पोर सुस्त पडले, तर थेट 108.

आणि एक गोष्ट फसवते. छातीतली शिट्टी बंद झाली पण पोर तसेच धापा टाकते आहे, तर ते बरे झालेले नाही. आत हवाच जात नाही म्हणून आवाज नाही. भर पावसात वारा एकदम पडला की आपण निर्धास्त होतो का?

गाडी येईपर्यंत पोराला बसते ठेवा, आडवे करू नका. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे स्पेसर लावून पंप देत राहा. वाफ, बाम, गरम तेल यात वेळ घालवू नका.

"पंपाची सवय लागते" हे अजून ऐकू येते. नाही लागत. मृगाला हैदराबादेत दम्यावर जिवंत मरळ गिळायला देतात, तिथे जाऊन आलेलेही आपल्यात आहेत. त्या औषधाला शास्त्रीय आधार नाही. जायचे त्यांनी जावे, पण रोजचा पंप बंद करू नये.

आठवड्यात दोनदाहून जास्त वेळा निळा पंप लागतो किंवा खोकल्याने रात्री जाग येते, तर धाप लागायची वाट न बघता दिवसाउजेडी ओपीडीत दाखवा. डिचोलीच्या सभासदांनी खनिजाच्या ट्रकांची धूळ घरात येते का, तेही डॉक्टरांना सांगावे. बंदीच्या दिवसांत ओली जाळी पोराच्या खोलीत रचू नका. बुरशी धरते. मच्छर अगरबत्तीचा धूरही नको.

पंप, स्पेसर आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद एकाच ठिकाणी ठेवा. गाडीवाल्या शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा, रात्री दार वाजवले तर उठ म्हणून.