तुरेनचे चीज आणि त्यातील काड

फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात, तूर शहराच्या आसमंतात पसरलेला मुलूख तुरेन या नावाने ओळखला जातो. आणि राजप्रासादांमुळे व द्राक्षमळ्यांमुळे त्याची कीर्ती दूरवर पसरली असली, तरी तेथील शेतकरी कुटुंबांनी जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केली, ती शेळीच्या दुधापासून चीज सिद्ध करण्याची होय. ‘सेंत-मोर द तुरेन’ हे त्या विद्येचे सुपरिचित फळ. वितीहून आखूड, एका टोकास किंचित निमुळता आणि राखेने करडा झालेला हा दंडाकृती गोळा वजनाने सुमारे 250 ग्रॅम भरतो, आणि त्याच्या गाभ्यातून राय या धान्याचा एक काड आरपार गेलेला असतो.

शेळीला आपल्याकडे गरिबाची गाय म्हणतात. फ्रेंच खेड्यांतही तिची हीच ख्याती होती. ज्या कुटुंबाला गाय पोसणे परवडत नसे, ते बांधाकुंपणाच्या पाल्यावर चार-दोन शेळ्या राखी, आणि त्यांची निगा, त्यांची धार व त्यांच्या दुधाचे चीज हा सारा कारभार बहुधा घरातील स्त्रियांच्या हाती असे. या विद्येचे आचार्यत्व त्या अनाम गृहिणींकडेच जाते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

या व्यवसायाचे पंचांग शेळीच्या देहधर्मावर बेतलेले आहे. शरदात दिवस लहान होऊ लागले की शेळी माजावर येते आणि पाच महिन्यांच्या गर्भकाळानंतर, हिवाळा सरता सरता, विते. पहिला चीक करडांच्या वाट्यास जातो, आणि मग पुढील हिवाळ्यात ती आटेपर्यंत सकाळ-संध्याकाळच्या दोन धारांचा, सणावारीही न चुकणारा नेम सुरू होतो. नीट पोसलेली आल्पाईन किंवा सानेन जातीची शेळी भर दुधात दिवसाला सुमारे 3 लिटर दूध देते. कित्येक ठिकाणी गोठ्यातील प्रकाश कमी-अधिक करून काही शेळ्यांचा माज पुढे-मागे आणण्याची तजवीज करतात, म्हणजे दुधाला बारमाही खंड पडत नाही. व्यवस्थेची एक कठोर बाजूही आहे: कळपाला बोकड थोडेच पुरतात, म्हणून बहुतेक नर करडांची रवानगी कोवळ्या वयातच मांसाच्या बाजारात होते. दुधाचे गुणगान करताना हा हिशेब दृष्टिआड करणे उचित नव्हे.

दूध येथे कच्चेच वापरतात. त्यात आदल्या दिवशीच्या चिजाची निवळी विरजण म्हणून मिसळतात आणि दूध बांधणारे रेनेट केवळ नाममात्र घालतात. कारण गाईच्या दुधाच्या पुष्कळ चिजांत जे काम रेनेट तासाभरात उरकते, ते येथे आम्लतेकडून सावकाश करवून घ्यावयाचे असते, आणि म्हणून सुमारे 20 अंश सेल्सियस तपमानात दूध एक अहोरात्र निश्चल ठेवावे लागते. अशी बांधलेली कवडी अत्यंत नाजूक असते. घाईने ओतली तर तिचा चुरा होतो आणि सत्त्व निवळीबरोबर वाहून जाते. म्हणून डावाने तिचा एकेक पदर अलगद उचलून सच्छिद्र साच्यात सोडतात, निवळी झिरपून भर खाली बसला की वर आणखी पदर चढवितात, आणि अशा रीतीने सुमारे 2 लिटर दुधातून एक गोळा आकारास येतो.

साच्यातून निघालेला गोळा इतका मृदू असतो, की उचलताना मधोमध मोडावा. काड हा त्याचा कणा. तो बसविल्यावर कोळशाची बारीक पूड आणि मीठ यांचा हात गोळ्यावर फिरवितात. त्या राखेने पृष्ठभागाची आम्लता उतरते आणि इष्ट बुरशीला थारा मिळतो. त्यानंतर थंड, दमट तळघरात तो किमान 10 दिवस मुरतो, साल सुरकुतते, आणि प्रारंभीची लिंबासारखी आंबट चव हळूहळू सुक्या मेव्याच्या स्निग्ध चवीकडे वळते.

हीच रीत पुढे कायद्याच्या दफ्तरात नोंदली गेली. शेळीच्या चिजांपैकी पुलिन्यी-सें-प्येर या चिजाला फ्रान्समध्ये 1972 साली प्रथम उगमस्थानाच्या नावाचे संरक्षण लाभले. सेंत-मोर द तुरेनला ते 1990 साली मिळाले. संरक्षण मात्र संपूर्ण नावालाच आहे. नुसते ‘सेंत-मोर’ म्हणवणारे चीज कोणत्याही प्रांतातील कारखान्यात, कोणत्याही गतीने बनू शकते. म्हणूनच अस्सल चिजातील काडावर आता लेझरने नाव आणि उत्पादकाचा क्रमांक कोरलेला असतो. जो काड गृहिणींनी गोळा मोडू नये म्हणून खोवला, तोच आज सत्यतेचा दाखला झाला आहे.

परंतु दाखल्याने दूध बांधले जात नाही. कायदा नाव राखू शकतो, हद्द आखू शकतो, नकलेला अटकाव करू शकतो. त्या नावामागचे श्रम राखणे मात्र त्यांना मिळणाऱ्या मोबदल्यावर अवलंबून असते. ज्याने त्या अहोरात्राची आणि डावाने चढविलेल्या एकेका पदराची किंमत जाणली, त्याने पूर्ण नाव वाचून, काड पाहून, चार पैसे अधिक मोजावेत. कारण तेवढे पैसे गोठ्यापर्यंत पोहोचले, तरच पहाटेच्या धारेला उठण्याची उमेद पुढच्या पिढीत टिकेल.