रस्ता बेळगावचा, नाव वेंगुर्ल्याचं! आगबोटीच्या काळातली गोष्ट

पिरनवाडी : पिरनवाडी क्रॉसवरून एक रस्ता खानापूरला जातो, दुसरा जांबोटी-चोर्ल्यामार्गे गोव्याला. पण बेळगावातून हिंडलग्याकडे निघणारा रस्ता मात्र ‘वेंगुर्ला रोड’. आज त्यावर शिनोळी-चंदगडला जाणारेच जास्त. तरी नाव टिकलं, कारण एके काळी वेंगुर्ला हेच बेळगावचं बंदर होतं.

बेळगावला रेल्वे आली 1887 साली. त्याआधी मुंबई गाठायची तर घाट उतरून वेंगुर्ला आणि तिथून आगबोट ही वाट सोयीची. सुरुवातीला रामघाट होता, पण चढ असा की बैलांचा जीव जाई. 1860 च्या दशकात आंबोलीमार्गे गाडीरस्ता झाला. बेळगावच्या लष्करी छावणीचं सामानही याच वाटेनं वर येई.

शिडाचं गलबत वाऱ्याच्या मर्जीवर चाले. आगबोटीत कोळसा जाळून बॉयलरमध्ये वाफ करायची आणि त्या वाफेवर इंजिन चालवायचं, त्यामुळे वारा पडला तरी बोट थांबत नसे. शेफर्ड कंपनीच्या बोटी कोकण किनाऱ्यावर बंदरं घेत जायच्या.

खरी कसरत मात्र उतरताना. बोट खोल पाण्यात नांगर टाकी. मग किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि माणसं, ट्रंका, पोती, लहान पोरं सगळं हलत्या बोटीवरून हलत्या पडावात उतरवायचं. आधीच बोट लागून बेजार झालेल्या माणसाचं काय होत असेल, ते सांगायला नको! दाभोळला वेगळी सोय होती. तिथून वाशिष्ठी नदीत छोटी आगबोट भरती साधून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत जायची.

पावसाळ्यात ही वाहतूक बंद. म्हणजे माल उन्हाळ्यातच घाटावर चढवून ठेवायचा. पावसाळी समुद्राची भीती उगाच नव्हती. पुढे 17 जुलै 1947 रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली.

रेल्वे आल्यावर बेळगावचा माल डब्यात चढला. वेंगुर्ल्याच्या वाटेवरच्या गाडीवानांचा धंदा बसला. कोकणातल्या लोकांना मात्र मुंबईसाठी बोटच आधार राहिली, तीही पुढे कित्येक वर्षं. आज त्याच वेंगुर्ला रोडवर शिनोळीजवळ राज्याची हद्द लागते. गाडीवानांच्या काळात बेळगाव आणि वेंगुर्ला दोन्ही मुंबई इलाख्यातच होते.