पानं झडली म्हणजे जंगल मेलं का?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: उन्हाळ्यात जंगलात गेलो तर सगळं वाळलेलं, तपकिरी. जंगल मरतंय का? आज त्याचंच उत्तर.

आपल्या डोक्यात ‘जंगल’ म्हटलं की हिरवंगार, दाट, अंधारं असं चित्र येतं. ते एका प्रकारच्या जंगलाचं चित्र आहे. हॅरी चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांनी 1968 साली भारतातल्या जंगलांची जी वर्गवारी केली, त्यात मुख्य गटच 16 आहेत. सोळाही पाठ करायची गरज नाही. एकटा सातारा जिल्हा पाहिला तरी बरंच कळतं.

महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथलं जंगल सदाहरित. जांभूळ, अंजनी अशी झाडं. वारा इतका की पठारावर ती फार उंच होत नाहीत, आणि दमटपणा इतका की खोडांवर शेवाळ चढलेलं. इथे झाड एकदम सगळी पानं टाकत नाही, थोडी थोडी बदलत राहतं.

आता पाचगणीवरून पसरणी घाट उतरून वाईला या. जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटर. पण ढग डोंगरावर रिकामे होऊन आलेले असतात, म्हणून इथला पाऊस हजार मिलिमीटरच्याही आत. आता झाडाचा हिशेब बघा. पानातून पाण्याची वाफ सतत उडत असते. जमिनीतली ओल संपत आली की पान सांभाळणं परवडत नाही, मग झाड ते गाळून टाकतं. हीच पानझडी जंगलं. पळस, पांगारा, काटेसावर तर पानं नसतानाच फुलतात. लांबूनही फुलं दिसतात, मैना-सूर्यपक्षी बरोबर पोचतात. ताडोब्यातलं सागाचं जंगलही पानझडीच. उन्हाळ्यात तिथे वाघ दिसायचा चान्स जास्त, कारण पाणवठे थोडे उरतात आणि मध्ये पानांचा पडदा नसतो! सफारीच्या फोटोत मागे दिसणारं ते ‘मेलेलं’ जंगल पहिल्या पावसानंतर पुन्हा हिरवं होतं.

साताऱ्याहून अजून पूर्वेला, माण तालुक्यात गेलात की पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास. बारीक पानांची, काट्यांची बाभूळ, हिवर, बोर. आणि मधे मोकळा माळ. नुसतं गवत. इथे मला जरा थांबायचंय, कारण खरा घोळ इथेच होतो.

माळाला आपण ‘पडीक’ म्हणतो. कागदोपत्रीही अशा कितीतरी जमिनींवर तोच शिक्का. मग जून-जुलैत उत्साही मंडळी येतात, खड्डे घेतात, गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावतात, सेल्फी घेतात. ही दोन्ही झाडं मूळची मध्य अमेरिकेकडची. भरभर वाढतात म्हणून लावली जातात. हेतू चांगला असतो हो, पण पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांना ऊन लागतं. सावली आली की ती हटतात. मग त्यावर जगणारी मेंढरं, काळवीट, चिंकारा कुठे जाणार? माळढोक तर उघड्या जमिनीवरच अंडं घालतो, लांबवर नजर जाईल अशी जागा त्याला लागते. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे, पण तिथेही आता तो जवळजवळ दिसेनासा झालाय. त्याला कारणं बरीच आहेत, माळ आक्रसणं हे त्यातलं मोठं.

कुणी म्हणेल, झाडं कार्बन साठवतात ना? साठवतात. गवताळ माळही साठवतो, फक्त जमिनीखाली, मुळांमध्ये आणि मातीत. फोटोत दिसत नाही एवढंच.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: झाडं जरूर लावा, पण उघडा दिसतो म्हणून माळ उकरू नका. बांधावर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, तोडलेल्या जंगलाच्या जागी लावा. आणि तिथे आधी काय उगवत होतं ते गावातल्या मेंढपाळाला किंवा आजीला विचारा. त्यांना गवतांचीसुद्धा नावं माहीत असतात.

तुमच्या गावच्या माळावरच्या तीन गवतांची नावं त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ती ऐकवतो, आणि मग खाडीकडे वळू, खारफुटीच्या चिखलात. तोवर, चला, भेटू!