घरातील कीडनाशकांसाठी कपाट कसे निवडावे?

धानाची रोवणी आटोपली की अहेरी तालुक्यातील अनेक घरांत खोडकिडा, तुडतुडे आणि करप्यावरील औषधे येतात. फवारणी होते आणि अर्धी बाटली उरते. ती कुठे राहते? बहुधा आड्याला टांगलेल्या पिशवीत, खाटेखाली किंवा मोहफुलांच्या पोत्याशेजारी. आपण तिला 'औषध' म्हणतो, पण घरातल्या लहान मुलाला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेतील माध्यान्ह भोजनानंतर २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. अन्न आणि विष एकमेकांच्या जवळ आले की काय होते, हे यावरून लक्षात घ्यावे.

कीटकनाशक नियम, १९७१ नुसारही कीटकनाशके वेगळ्या खोलीत किंवा वेगळ्या कुलूपबंद कपाटात ठेवणे अपेक्षित आहे. दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली शक्य नसते. म्हणून कपाट नीट निवडावे.

पत्र्याचे की लाकडाचे?

पत्र्याचे घ्यावे. लाकूड सांडलेले द्रव शोषते आणि नंतर कितीही पुसले तरी विष आत राहते. कारखान्यात वापरतात तसे दुहेरी पत्र्याचे महागडे कपाट घेण्याची गरज नाही. एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला कडी-कोयंडा असलेली जुनी पत्र्याची पेटीही पुरते. घेताना पुढील बाबी पाहाव्यात:

- कुलूप लागले पाहिजे. किल्ली एकाच जाणत्या माणसाकडे असावी.
- तळाशी काठ असलेला ट्रे किंवा पसरट घमेले बसावे, म्हणजे गळती बाहेर येणार नाही.
- वरच्या बाजूला हवेसाठी बारीक छिद्रे असावीत.
- बाहेरून ठळक अक्षरांत 'विष' लिहावे आणि कवटीचे चित्र काढावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ते समजते.

कपाट कुठे ठेवावे?

चूल, पाण्याचे माठ, धान्याची कोठी, गोठा आणि विहीर यांपासून लांब ठेवावे. 'ईसी' प्रकारच्या औषधांत पेट घेणारे द्रावक असतात, त्यामुळे चुलीजवळ आगीचा धोका वाढतो. मातीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून कपाट भिंतीला चिकटवू नये. ते विटांवर हातभर उंच ठेवावे. प्राणहितेच्या किंवा नाल्याच्या काठी घर असेल, तर मागच्या पुराची खूण पाहून तिच्याही वर जागा करावी.

आत मांडणी कशी करावी?

१. भुकटी व दाणेदार औषधे वरच्या कप्प्यात, द्रव औषधे खालच्या कप्प्यात ठेवावीत. बाटली गळली तरी भुकटी भिजत नाही.
२. तणनाशके वेगळ्या डब्यात ठेवावीत. २,४-डी सारख्या तणनाशकाचा अंश कापसालाही घातक ठरतो. बियाणे त्या कपाटात कधीच ठेवू नये.
३. औषध मूळ बाटलीतच, लेबलसह ठेवावे. दारूच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतू नये.
४. लेबलवरील त्रिकोण पाहावा. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक असे नव्हे.
५. जवळ कोरडी माती किंवा धानाचा भुसा भरलेले टोपले ठेवावे. सांडलेले औषध पाण्याने न धुता आधी त्यात शोषून घ्यावे.

काय ठेवूच नये?

धान्यातील किडीसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनिअम फॉस्फाईडच्या गोळ्या घरात ठेवू नयेत. ओल लागताच त्यांतून प्राणघातक वायू निघतो आणि कपाटाच्या छिद्रांतून तो घरभर पसरतो. रिकाम्या बाटल्याही साठवू नयेत. तीन वेळा विसळून ते पाणी फवारणी पंपात ओतावे, मग बाटली फोडून निकामी करावी.

कपाटाची मर्यादा

श्रीलंकेत १८० गावांत झालेल्या मोठ्या चाचणीत घरोघरी कुलूपबंद पेट्या दिल्या, तरी विष पिऊन जीव देण्याचे प्रयत्न कमी झाले नाहीत. कुलूप लहान मुलाला अडवते, पण किल्ली माहीत असलेल्या खचलेल्या माणसाला अडवत नाही. म्हणून विस्तारकांनी पहिला सल्ला 'कमी घ्या' हाच द्यावा. लेबलवरील मात्रा बहुधा हेक्टरी असते. एकराची मात्रा काढण्यासाठी तिला २.५ ने भागावे आणि तेवढ्याच मापाची बाटली घ्यावी. घरात कुणी फार निराश असेल, तर औषध घरात आणूच नये आणि टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे.

विषबाधा झाल्यास

अंगावरचे कपडे काढून साबणाने धुवावे. उलटी करवू नये. १०८ ला फोन करावा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे आरोग्य केंद्र गाठावे. कोणते विष पोटात गेले हे डॉक्टरांना त्या लेबलवरूनच लवकर कळते. लेबल न फाडता बाटली ठेवण्याचे महत्त्व अशा वेळी समजते.

आज संध्याकाळी घरातल्या सगळ्या बाटल्या एका जागी आणून मोजा. जितक्या कमी निघतील, तितके लहान कपाट तुम्हाला पुरेल.