पक्की पावती

मंडळी, आपण बीडच्या बाजारातून कपाशीचे बी आणतो, पेरतो. चांगली ओल असूनही ते उगवत नाही. मग आपण नशिबाला बोल लावतो. पण बीच बोगस असेल तर?

पैसे देऊन माल घेतो तो ग्राहक. त्याच्यासाठी १९८६ साली कायदा झाला, २०१९ साली नवा आला. आंध्र प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी खराब बियाण्याची भरपाई मागितली. राष्ट्रीय बीज निगमाचे म्हणणे पडले, यांनी बी तपासून घेतलेच नाही. अहो, ते तर मातीत गेलेले! २०१२ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले, शेतकरी घेतलेले सारे बी पेरणारच. तोही ग्राहकच आहे.

म्हणून पक्की पावती घ्या. कच्च्या चिठ्ठीवर भागवू नका. पिशवीसुद्धा जपा. आम्ही एकदा पावती टोपीत ठेवली, घामाने अक्षरे गेली! पत्र्याचा डबा बरा.

बी उगवले नाही तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याला लगेच लेखी कळवा. पंचनामा होईपर्यंत रान मोडू नका. मग बीडच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करा. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. वकील द्यावाच लागतो असेही नाही. आपले म्हणणे आपण स्वतः मांडू शकतो.