वारा, वॉलआय आणि गळ

श्रोतेहो, गळ टाकावयाचा तर वारा पडलेला असावा, असें आपणांस सहज वाटतें. उत्तर अमेरिकेंतील वॉलआय नांवाच्या माशाची गोष्ट मात्र उलट आहे. त्याच्यासाठीं गळ टाकणारे लोक वाऱ्याची वाट पाहतात.

मिनेसोटा राज्य आणि कॅनडांतील ऑन्टारिओ प्रांत यांच्या सीमेवरून रेनी नदी वाहते. रेनी सरोवरांतून निघून सुमारें ८५ मैलांवर ती 'लेक ऑफ द वुड्स' या सरोवरास मिळते. शरदृतूंत एमराल्ड शायनर नांवाचे बोटाएवढे चंदेरी मासे थव्यांनीं या सरोवरांतून नदींत चढतात, आणि त्यांच्या मागोमाग वॉलआय येतो. हा पर्च कुळांतील मासा. १९६५ सालीं मिनेसोटानें त्यास राज्यमत्स्याचा मान दिला.

याच्या डोळ्याच्या पडद्यामागें प्रकाश परत फेंकणारा एक थर असतो. दिव्यासमोर मांजराचे डोळे चमकतात तेंहि अशाच थरामुळें. पडद्यांतून एकदां गेलेला प्रकाश पुन्हां पडद्यावर येतो, म्हणून अंधुक उजेडांत वॉलआयला चांगलें दिसतें. भर उन्हांत मात्र तो खोल पाण्यांत दडतो. वारा सुटला कीं लाटांनीं प्रकाश विखुरतो, कांठचा गाळ ढवळला जातो, शायनरला नीटसें दिसत नाहीं, आणि वॉलआय दुपारींहि उथळ पाण्यांत शिकारीस येतो.

आतां कृत्रिम माशीच्या गळाविषयीं. नेहमींच्या गळांत आमिषाचें वजन दोरीस ओढून नेतें. येथें जड दोरीच माशीस वाहून नेते. वॉलआय बहुधा तळाशीं असतो, म्हणून बुडणारी दोरी घेतात आणि माशीहि जड बांधतात. बॉब क्लाऊझर या अमेरिकन गृहस्थांनीं १९८० नंतरच्या दशकांत केसांची एक माशी तयार केली. तिच्या डोक्याशीं शिशाचे दोन डोळे असतात. दोरी ओढून थांबलें कीं ती जखमी माशाप्रमाणें डोकें खालीं करून बुडते; शिवाय गळाचें टोंक वर राहत असल्यामुळें तें दगडांत कमी अडकतें.

परंतु याच शिशामुळें वारा धोक्याचा ठरतो. उजव्या हातानें फेंकणाऱ्याच्या उजवीकडून वारा आला, तर माशी त्याच्याच तोंडावर येते. मिनेसोटांत मुलाकडे गेलों असतां त्यानें मला हें आधींच बजावलें होतें. पण अडतीस वर्षें दुसऱ्यांस शिकविणाऱ्यास ऐकण्याची संवय कोठून असणार! तिसऱ्याच फेंकीस शिसें आदळून माझ्या चष्म्याची उजवी कांच तडकली. चष्मा नसता तर डोळाच गेला असता.

अशा वेळीं काठीचें टोंक डाव्या खांद्यावर झुकवावें, म्हणजे दोरी शरीराच्या पलीकडून जाते. फेंक आंखूड असावी. दोरीचा हवेंतील वेढा अरुंद ठेवावा, कारण रुंद वेढा वाऱ्यास सांपडतो. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

त्या संध्याकाळीं मुलाच्या गळास एक वॉलआय लागला. त्याचे दुधी, चकाकणारे डोळे क्षणभर पाहून आम्हीं त्यास पाण्यांत सोडलें. ज्या वाऱ्यानें तो जवळ आणला, त्यानेंच माझ्या डोळ्यावर प्रसंग आणला होता. तेव्हां पहिली फेंक टाकण्यापूर्वीं वारा कोणीकडून येतो तें पाहावें, इतकें सांगून आपली रजा घेतों.